‘समुपदेशन द्यावे’ : आदेशातल्या एका ओळीमागचं माझं वर्ष

गुन्ह्याचा आरोप असलेल्या अठरा वर्षांखालच्या मुलांची प्रकरणं बघणाऱ्या बाल न्याय मंडळाच्या आदेशात शेवटी शेवटी एक ओळ असते : ‘सेवेच्या कालावधीत बालकास समुपदेशन द्यावे.’ कोणी, कुठे बसून, किती वेळ, कोणाच्या पैशाने, यातलं काहीच त्यात नसतं. मी समुपदेशक आहे, आणि २०२५ चं जवळजवळ अख्खं वर्ष ती ओळ प्रत्यक्षात आणण्यात गेलं. सुरुवातीला मी इंटरनेटवर मराठीत कुणी काही लिहिलंय का ते शोधलं होतं, उपयोगाचं काही हाती लागलं नाही. म्हणून हे लिहून ठेवते.

आधीच सांगते, जिल्ह्याचं नाव लिहिणार नाही. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलांची ओळख पटेल अशी कुठलीही माहिती प्रसिद्ध करता येत नाही, आणि आमचं गाव एवढं लहान आहे की शाळा आणि दवाखाना सांगितला की टपरीवरची माणसं नाव सांगून मोकळी होतील. मुलांचे तपशील बदललेत, दोघा-तिघांचं एकात मिसळलंय. प्रक्रिया मात्र जशी झाली तशीच.

डिसेंबर २०२४ मध्ये एका कॉलेजच्या कार्यक्रमात परिविक्षा अधिकारी, म्हणजे मंडळासाठी अशा मुलांची माहिती काढणारे आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणारे अधिकारी, भेटले. माझं तोवरचं काम म्हणजे दहावी-बारावीची मुलं, परीक्षेची धास्ती, मोबाइलवरून होणारी भांडणं. चहा घेताना सर म्हणाले, “मॅडम, मंडळ सामुदायिक सेवा देतं. पोरं येतात, झाडू मारतात, सही करून घरी जातात. त्यांच्याशी बोलायला माणूसच नाही.” चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात त्या निरीक्षणगृहात समुपदेशक होत्या, पण आतल्या मुलांनाच त्यांचा वेळ पुरत नव्हता. घरी राहून सेवा करणाऱ्यांचा नंबरच लागत नसे.

सामुदायिक सेवा म्हटलं की लोकांना मे २०२४ मधला पुण्याच्या अपघातानंतरचा तीनशे शब्दांचा निबंध आठवतो. माझ्या सासूबाईंचा पहिला प्रश्न तोच होता, “म्हणजे तू निबंध तपासणार का?” तो निबंध जामिनाच्या अटींपैकी एक होता. मी सांगतेय ते त्याच्या पुढचं : चौकशी पूर्ण झाली, मुलाने ते कृत्य केलं हे सिद्ध झालं, आणि मग मंडळाने कलम १८ खाली आदेश दिला. त्या कलमात समज देऊन घरी पाठवण्यापासून जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात ठेवण्यापर्यंत पर्याय आहेत. सामुदायिक सेवा त्यातली खालून तिसरी पायरी. ती चौदा वर्षांवरच्या मुलांनाच देतात, आणि नियमांत उदाहरणंही आहेत : बागेची निगा, वृद्धांची सेवा, रुग्णालयात मदत, वाहतूक स्वयंसेवक.

जानेवारीत या कामावर समुपदेशक म्हणून नेमणुकीसाठी अर्ज केला. तो जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या नावे करायचा. सोबत पदवीच्या साक्षांकित प्रती, अनुभवाचे दाखले, दोन ओळखीच्या व्यक्तींची पत्रं, पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र, आणि मुलांची माहिती कुठेही उघड करणार नाही असं हमीपत्र. हमीपत्राला कुणी साधा कागद चालेल म्हणे, कुणी स्टँप लागेल म्हणे. ऑक्टोबर २०२४ पासून शंभरचा स्टँप चालत नाही, पाचशेचा घ्यावा लागतो. नोटरी, टायपिंग धरून आठशेच्या आसपास गेले. तुमच्याकडे आधी लेखी विचारा. आमच्याकडे शेवटी साध्या कागदावरचंच फाइलला लागलं आणि तो स्टँप माझ्या कपाटात आहे.

चारित्र्य प्रमाणपत्राचा अर्ज ऑनलाइन होतो, पण पडताळणीला पोलीस ठाण्यात बोलावतात. तिथले अंमलदार कागद चाळत म्हणाले, “ताई, कशाला या पोरांच्या नादी लागता? यांना दोन फटक्यांची भाषा कळते.” मी सही केली आणि निघाले. हे वाक्य पुढे वर्षभर वेगवेगळ्या तोंडून ऐकायचं होतं, तेव्हा पहिल्यांदाच भांडून दमण्यात अर्थ नव्हता.

मग फाइल बसली. फेब्रुवारीत “साहेब मीटिंगला”, मार्चमध्ये “मार्च एन्ड आहे, एप्रिलमध्ये या”. इथे कामाला आलेली एकच गोष्ट : अर्ज देताना माझ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख टाकून शिक्का घेतला होता. मधल्या काळात टेबलावरचा माणूस बदलला. नव्या माणसाला अर्ज सापडेना, तेव्हा तो क्रमांक दाखवल्यावर शिपाईमामांनी रजिस्टर काढलं आणि दुसऱ्याच गठ्ठ्यातून कागद बाहेर आला. एप्रिलच्या शेवटी नेमणुकीचं पत्र मिळालं. मानधनापुढे लिहिलं होतं, ‘निधी उपलब्धतेनुसार’.

मे महिन्यात पहिल्यांदा मंडळात गेले तेव्हा पोटात गोळा होता. कोर्ट म्हणजे उंच आसन, पिंजरा, काळे कोट असं डोक्यात. इथे एक साधी खोली, लांब टेबल, त्यामागे दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते सदस्य, त्यातली एक स्त्री असलीच पाहिजे असा कायदा. मंडळाने उंचावर बसायचं नाही, साक्षीचा पिंजरा ठेवायचा नाही, हे नियमांतच आहे. मुलाबरोबर आलेला पोलीसही साध्या कपड्यांत. बाहेरच्या बाकावर मात्र वातावरण कुठल्याही कोर्टासारखंच : आया पदराने वारा घेतायत, बाप भिंतीकडे बघतोय, एखादा मामा फोनवर “काही नाही, होतंय सगळं” म्हणतोय.

पहिला मुलगा सतरा वर्षांचा. त्याला सुमीत म्हणू. मित्राबरोबर एक मोटरसायकल उचलली, दोन दिवस फिरवली, पेट्रोल संपल्यावर बसस्थानकामागे सोडून दिली. त्याला सरकारी रुग्णालयात दर रविवारी चार तास सेवा दिली होती, शाळा बुडू नये म्हणून रविवार. मी आधी सरांकडून सामाजिक तपासणी अहवाल, म्हणजे नमुना ६, वाचायला घेतला. मुलगा पहिल्यांदा हजर केल्यापासून पंधरा दिवसांत तो द्यायचा असतो, त्यामुळे घाईत लिहिलेला असू शकतो. घरची माणसं, उत्पन्न, शाळा, सवयी सगळं होतं. वडील वारल्याचा उल्लेख अर्ध्या ओळीत होता, आणि ती तारीख मोटरसायकलच्या तारखेच्या जेमतेम दोन महिने आधीची होती.

रुग्णालयाने बोलायला एचआयव्ही समुपदेशन-चाचणी केंद्राची खोली देऊ केली. रविवारी रिकामी, दार लागतं, पंखा चालतो. सुमीत दारावरची पाटी वाचून जागीच थांबला. “इथं कुणी बघितलं तर?” बरोबर होतं त्याचं. आम्ही रेकॉर्ड रूममध्ये, जुन्या केसपेपरच्या गठ्ठ्यांमध्ये दोन स्टुलं टाकून बसलो. धुळीने मला शिंका यायच्या, पण पुढचे महिने तीच आमची जागा.

पहिल्या रविवारी तो काहीच बोलला नाही. दुसऱ्या रविवारी एकच प्रश्न : “मी बोललेलं तुम्ही साहेबांना लिहून देणार ना?”

या कामाचा सगळा कस याच प्रश्नात आहे असं मला आता वाटतं. माझ्या नेहमीच्या कामात मुलगा किंवा त्याचे पालक माझ्याकडे येतात. इथे मुलाला मंडळाने पाठवलेलं असतं आणि माझा अहवाल मंडळाकडे जातो. मुलाच्या दृष्टीने मी पोलीस, कोर्ट, शाळा या रांगेतलीच आणखी एक मॅडम. ‘माझ्यावर विश्वास ठेव’ म्हणून काही होत नाही. अहवालात काय जाणार आणि काय नाही, हे त्याला नेमकं सांगता आलं पाहिजे; आणि त्यासाठी ते आधी सरांशी ठरवून घेतलं पाहिजे.

त्या आठवड्यात सरांकडे गेले. त्यांना सविस्तर अहवाल हवा होता, ‘मुलाची मानसिकता’ वगैरे. मी म्हटलं, एक पान देते : हजर होता का, सहभाग कसा होता, पुढे कुठली मदत लागेल. बाकी माझ्या वहीत. सर तयार नव्हते. “मंडळाने विचारलं तर मी काय सांगू?” चर्चा लांबली, शेवटी आम्ही दोघं मंडळासमोरच गेलो. महिला सदस्यांनी विचारलं, “आणि जिवाला धोका असेल तर?” तेव्हा अपवाद लिहून घेतले : मूल स्वतःला इजा करण्याची भीती, दुसऱ्या कुणाला गंभीर धोका, आणि मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळणं. तिसऱ्यात आपल्याला निवडच नसते. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे कळवावंच लागतं.

पुढच्या रविवारी त्या एका पानाचा कोरा नमुना सुमीतपुढे ठेवला. “हे वाच. एवढंच जाणार. भरून झालं की आधी तुला दाखवणार.” त्याने दोनदा वाचलं. ‘सहभाग’ म्हणजे काय ते विचारलं. आणि मग बराच वेळ वडिलांच्या गाडीबद्दल बोलला. ती हप्ते थकल्यामुळे फायनान्सवाले घेऊन गेले होते. चोरलेली मोटरसायकल त्याच कंपनीची, त्याच रंगाची.

आईला हे पटवणं अजून अवघड गेलं. त्या दर रविवारी फाटकाशी थांबायच्या. “ताई, काय म्हणाला तो? मला सांगा की, मी आई आहे त्याची.” मी त्यांच्याबरोबरही वेगळं बसू लागले, त्यांच्यासाठी, मुलाची माहिती पुरवायला नाही. नवऱ्याच्या जाण्यावर त्या स्वतः कुणाशी बोलल्याच नव्हत्या.

सेवेच्या जागेबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण समुपदेशनाचा निम्मा भाग तिथेच घडतो किंवा बिघडतो. सुरुवातीला सुमीतला प्रवेशद्वारासमोरचं आवार झाडायला दिलं होतं. समोर त्याच्या वर्गातल्या मुलाचं झेरॉक्सचं दुकान. पहिल्याच दिवशी कुणीतरी फोटो काढला. काम केल्याने मूल सुधारतं असं आपण गृहीत धरतो, पण चारचौघांत मान खाली घालून केलेल्या कामातून मला बहुतेक वेळा रागच वर येताना दिसला. केल्याची खंत वाटणं वेगळं आणि तोंड लपवावंसं वाटणं वेगळं. दुसऱ्यात मूल समोरच्या माणसाचं नुकसान विसरतं आणि फक्त स्वतःच्या फजितीचा हिशेब ठेवतं. फोटोची गोष्ट सरांच्या कानावर घातली, त्यांनी दुकानात जाऊन तो काढायला लावला. काम बदलून आत दिलं : केसपेपरच्या खिडकीपासून वॉर्डापर्यंत व्हीलचेअर नेणं.

वॉर्डातल्या मावशींना आम्ही एवढंच सांगितलं होतं की मुलगा सेवेसाठी येतो. त्यांनी कधी खोदून विचारलं नाही. कदाचित त्यांना माहीत होतं. एका व्हीलचेअरचं पुढचं चाक अडकायचं, वळताना पेशंटला हिसका बसायचा. सुमीत कधीमधी गॅरेजमध्ये हाताखाली काम करायचा. एका रविवारी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत ग्रीस आणि दोन पाने घेऊन आला, खुर्ची उलटी केली आणि चाकात गुंडाळले गेलेले केस आणि बँडेजचा दोरा ब्लेडने कापून काढला. मावशी म्हणाल्या, “आता त्या तिसऱ्या खुर्चीचंबी बघ रे.” त्या दिवशीच्या सत्रात मी फारसं काही केलं नाही. पुढच्या वेळी मोटरसायकलच्या मालकाचा विषय त्यानेच काढला : ते दूध घालायला जातात, दोन दिवस कसे गेले असतील. मालकांना भेटायचं की नाही यावर आम्ही बरेच आठवडे बोललो. ते भेटायला तयार नव्हते, आणि तो त्यांचा हक्क आहे हेही त्याच्याशी बोलावं लागलं.

सगळीकडे असं झालं नाही. पावसाळ्यात आलेला एक मुलगा वृद्धाश्रमात सेवेला होता. शांत, वक्तशीर, सही नीट. ऑगस्टमध्ये बोलता बोलता म्हणाला, “मेलो तर सगळेच सुटतील.” अशा वेळी गोल गोल बोलायचं नाही. सरळ विचारलं : मरायचा विचार येतो का, कधी येतो, काही ठरवलंय का. विचारल्याने विचार डोक्यात घातला जातो हा समज चुकीचा आहे. मग त्याला अपवादाची आठवण करून दिली आणि त्याच्यासमोरच सरांना आणि त्याच्या आजीला फोन केला. घरातली फवारणीची औषधं आजीने शेजारी नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात गेलो. केसपेपर काढला, आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांनी औषधं सुरू केली. सरांनी मंडळाकडून सेवेचे दिवस पुढे ढकलून घेतले. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याच्या वहीवर, आजीच्या कॅलेंडरवर आणि माझ्या भिंतीवर लिहिलेला आहे. तो चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. त्या रात्री मला झोप लागली नाही, हेही लिहायला हवं. मी दर महिन्याला माझ्या ज्येष्ठ मार्गदर्शक बाईंकडे स्वतःच्या खर्चाने बसत होते. ते नसतं तर ऑगस्टमध्येच पत्र परत केलं असतं. हे काम घेणाऱ्याने तो खर्च आधीच धरून चालावा.

सप्टेंबरमध्ये एक प्रौढ गृहस्थ आले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत समाजसेवा ही शिक्षा पहिल्यांदाच आली, मोजक्या गुन्ह्यांना. सार्वजनिक ठिकाणी दारू पिऊन गैरवर्तन, कलम ३५५ : चोवीस तासांपर्यंत साधी कैद, किंवा एक हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. पाच हजारांखालची पहिली चोरी, वस्तू किंवा तिची किंमत परत केल्यावर, हेही त्यात आहे. तास किती, देखरेख कोणाची, हे संहितेत ठरवून दिलेलं नाही, आणि या गृहस्थांच्या आदेशात समुपदेशनाची ओळही नव्हती. त्यांना बायकोने आणलं होतं. इथे माझं काम नेहमीच्या पद्धतीचं : नेहमीची फी, अहवाल कुणालाही नाही. “वॉर्डातले लोक ओळखतात हो मला,” हे त्यांचं दुखणं सुमीतसारखंच होतं, फक्त चाळिशीतलं. चार-पाचदा आले, दारूबद्दल बोलायला लागलो तसे थांबले. पुढे व्यसनमुक्ती गटाचा पत्ता त्यांच्या पत्नीने मागून नेला.

पैशांचं. एसटीत महिलांना अर्धं तिकीट असल्यामुळे प्रवास फार जड गेला नाही. रविवारचा चहा-वडापाव माझ्याकडून. सेवेनंतर मुलं भुकेली असतात आणि भुकेलं मूल बोलत नाही. मानधनाची बिलं दर महिन्याला दिली. दिवाळीआधी काही महिन्यांचे पैसे आले, उरलेले अजून यायचे आहेत. सत्राची तारीख, वेळ आणि सेवेच्या ठिकाणच्या प्रमुखाची सही असलेला तक्ता बिलाला जोडा, नाहीतर शेरा मारून परत येतं. तक्त्यात मुलाचं नाव घालू नका, प्रकरण क्रमांक पुरतो.

नोव्हेंबरात सुमीतची सेवा संपली. शेवटच्या पानावर ‘पुढे कुठली मदत लागेल’ या रकान्यात आम्ही दोघांनी मिळून लिहिलं : आयटीआयचा प्रवेश, आणि आईसाठी विधवा निवृत्तिवेतनाचा अर्ज. मंडळाने अहवाल स्वीकारला, प्रकरण बंद. बाहेर आल्यावर त्याने जे विचारलं ते जवळजवळ प्रत्येक मुलगा विचारतो : “मॅडम, पोलीस भरतीला अडेल का?”

याचं उत्तर पाठ असू द्या. बाल न्याय अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे अशा निकालामुळे मुलाला कुठलीही अपात्रता चिकटत नाही. अपवाद आहे तो सोळा वर्षं पूर्ण झालेल्या आणि अतिगंभीर गुन्ह्यात बाल न्यायालयाने प्रौढ म्हणून दोषी धरलेल्या मुलांचा. ठरावीक मुदतीनंतर अभिलेख नष्ट करायचे असतात. २०१९ मध्ये केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच धरलं की अल्पवयात झालेल्या प्रकरणावरून नोकरी नाकारता येणार नाही. तरी भरतीच्या वेळी पडताळणीत कुणी अडवलं तर दाखवायला आदेशाची प्रत हवी. ती मंडळाच्या कार्यालयात अर्ज करून लगेच मागून घ्या. नंतर गठ्ठ्यातून शोधायला महिने लागतात. सुमीतच्या आईने ती प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, रेशनकार्डाच्या मागे ठेवली आहे.

नव्या वर्षाच्या समुपदेशकांच्या यादीसाठी आमच्याकडे जानेवारीत अर्ज घेतात. जाहिरात वेबसाइटवर दिसेलच असं नाही. जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयाच्या फलकावर बघा, नाहीतर थेट परिविक्षा अधिकाऱ्यांना विचारा. मी पुन्हा अर्ज दिलाय. या वेळी एका पानाचा तो नमुना अर्जालाच जोडला.